पहाटे अडकणाऱ्या पावत्या : तुर्भ्याच्या वजनकाट्यावरच्या मेसेज क्यूचं प्रकरण

तुर्भ्यात एपीएमसी मार्केटच्या बाहेरच्या अंगाला एक खासगी वजनकाटा आहे. तिथे पावत्या छापणं मधूनच बंद पडायचं. बंद पडायचं ते पहाटे, गाड्यांची रीघ लागलेली असताना. दुपारी चुकूनही नाही. त्याच मालकांचा दुसरा काटा रबाळे एमआयडीसीत आहे. तिथेही हाच प्रकार, पण काही आठवड्यांतून एखादेवेळी. दोन्हीकडे कॉम्प्युटर एकाच बनावटीचा, लिनक्स तेच, प्रिंटरही तोच. देखभालीचं काम महापेच्या आमच्या छोट्या टीमकडे आलं तेव्हा शेठनी निदान आधीच करून ठेवलं होतं : प्रिंटर बदला. तुर्भ्याचा प्रिंटर त्याआधी एकदा बदलून झालेला होता.

केबिनमधली रचना साधी आहे. बाहेर दोन प्लॅटफॉर्म, एक आत येणाऱ्या भरलेल्या गाडीसाठी आणि दुसरा माल उतरवून निघालेल्या रिकाम्या गाडीसाठी. दोन्हींचे इंडिकेटर सिरियल पोर्टवर वजन सतत ओकत असतात. 'वाचक' नावाचा प्रोग्राम ते वाचतो, आकडा स्थिर झाला की स्क्रीनवर दाखवतो आणि ऑपरेटरने बटण दाबलं की गाडी नंबर, वेळ, वजन असा ९६ बाइटचा मेसेज पोसिक्स मेसेज क्यूमध्ये टाकतो. पोसिक्स म्हणजे युनिक्स आणि लिनक्ससारख्या सिस्टिम्ससाठीचं मानक, आणि मेसेज क्यू म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्यासाठी निरोप ठेवायची रांग. दुसरा प्रोग्राम 'नोंदक'. तो क्यूमधून मेसेज काढतो, डेटाबेसमध्ये लिहितो, डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतींची पावती छापतो आणि मोबाइल डेटावरून शेठच्या सर्व्हरला पाठवतो. काम नसताना नोंदक झोपलेला असतो. मेसेज आला की त्याला उठवायची जबाबदारी एमक्यू_नोटिफाय या सिस्टिम कॉलवर (प्रोग्रामने सिस्टिमकडे केलेली विनंती).

जुन्या सिस्टिम फाइव्ह युनिक्सच्या मेसेज क्यूमध्ये अशी सोय नव्हती. तिथे एक तर एमएसजीआरसीव्ही या मेसेज घेणाऱ्या कॉलवर अडून बसायचं, नाही तर ठरावीक वेळाने डोकावून बघायचं. 'क्यूत काही आलं तर मला कळवा, तोवर मी माझं काम करतो' ही सोय १९९३च्या पोसिक्स रिअल-टाइम विस्ताराने दिली, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये (सिस्टिमच्या गाभ्यात) ती २००४ साली २.६.६ आवृत्तीत आली. कळवायची रीत आपण निवडायची : सिग्नल (चालू प्रोग्रामला मारलेली छोटी हाक) पाठवा, किंवा नवा थ्रेड (त्याच प्रोग्राममधला समांतर धागा) सुरू करून त्यात माझं फंक्शन चालवा. इथे मूळ कोड लिहिणाऱ्याने सिगयूएसआर१ हा सिग्नल निवडला होता. तो गृहस्थ कोण, कुठल्या कंपनीतला, हे कोणालाच नीट आठवत नव्हतं. कोड मात्र नेटका होता, आणि बरीच वर्षं दुपारी उत्तम चालत आला होता.

काट्यावरच्या काकांचं म्हणणं

रात्रपाळीच्या काकांनी आमच्या सहकारी मुलीला जे सांगितलं ते कुठल्याही लॉगपेक्षा उपयोगी होतं. "मॅडम, सॉफ्टवेअर बंद करून परत चालू केलं तर काही होत नाही. मशीनच बंद करून चालू करायची. मग लगेच छापतं."

हे वाक्य आम्ही व्हाइटबोर्डवर लिहून ठेवलं. प्रोग्राम नव्याने सुरू करूनही दुखणं जात नाही, म्हणजे दुखणं प्रोग्रामच्या मेमरीत नाही. मशीन बंद केल्यावर जातं, म्हणजे ते डिस्कवरही नाही. या दोन्हींच्या मध्ये जगणारी गोष्ट एकच : कर्नल. पोसिक्स मेसेज क्यू तिथेच राहतो. ज्याने उघडला तो प्रोग्राम मेला तरी क्यू आणि त्यातले मेसेज जागच्या जागी असतात. एमक्यू_अनलिंकने क्यू पुसला किंवा मशीन रीबूट झालं, तरच ते जातात.

आणि मग शेठच्या दुसऱ्या तक्रारीचा उलगडा आपोआप झाला. महिनाअखेरीला काकांच्या हाती लिहिलेल्या पावत्या आणि डेटाबेसमधल्या नोंदी जुळायच्या नाहीत. काकांवर संशय घेण्यापर्यंत मजल गेली होती. प्रत्यक्षात अडकलेली वजनं क्यूत पडून होती, आणि काका मशीन बंद करायचे तेव्हा ती कायमची जायची. ज्या उपायाने काटा चालू होत होता त्याच उपायाने पुरावा नाहीसा होत होता.

काकांनी आणखी एक सांगितलं : पावती थांबल्यावर काही गाड्या हाताने लिहून सोडल्या की थोड्या वेळाने स्क्रीनवरचं वजनही गोठतं. याचा अर्थ लावायला वेळ लागला नाही. क्यूची कमाल मर्यादा १० मेसेजची ठेवली होती, आणि लिनक्सवर साध्या प्रोग्रामला मुळात तेवढीच मुभा असते. क्यू भरला की मेसेज टाकणारं एमक्यू_सेंड क्यूत जागा रिकामी होईपर्यंत अडून राहतं. एमक्यू_सेंड करणारा आणि स्क्रीनवर वजन दाखवणारा प्रोग्राम एकच. तो अडला की स्क्रीनही अडली.

क्यू उघडून पाहिला तेव्हा

लिनक्समध्ये मेसेज क्यूंची एक फाइल सिस्टिम असते, बहुतेक ठिकाणी ती /dev/mqueue या जागी जोडलेली असते आणि एलएससारख्या साध्या कमांडने दिसते. तिथली क्यूच्या नावाची फाइल कॅट या कमांडने वाचली की एक ओळ मिळते. ही सोय असूनही फार कमी जण वापरतात, असा माझा अनुभव. काकांना आम्ही विनंती केली की पुढच्या वेळी मशीन बंद करण्याआधी फोन करा, वेळ काहीही असो. फोन आला. दूरवरून लॉगिन करून ओळ वाचली :

क्यूसाइझ:२८८ नोटिफाय:० सिग्नो:१० नोटिफाय_पीआयडी:११४७

२८८ म्हणजे ९६ बाइटचे तीन मेसेज क्यूत आहेत. नोटिफाय ० म्हणजे सिग्नलने कळवायचं ठरलंय. १० हा सिगयूएसआर१चा नंबर. आणि ११४७ हा नोंदकाचा प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक), म्हणजे 'मला कळवा' अशी त्याची नोंदणी या क्षणी जिवंत आहे. पुन्हा वाचलं तरी तीच ओळ. काम पडून आहे, कामगार हजर आहे, त्याने हाक मारायला सांगून ठेवलंय, आणि तरी तो झोपलाय.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हा कर्नलचा दोष वाटतो. तो नाही. एमक्यू_नोटिफायचा नियमच असा आहे की क्यू रिकामा असताना मेसेज आला तरच सूचना जाते. नोंदणी करताना क्यूत आधीच काही असेल, तर आधी तो क्यू पूर्ण रिकामा व्हायला हवा, आणि त्यानंतर नवा मेसेज यायला हवा. दवाखान्यात पहिला पेशंट आला की कंपाउंडर आत जाऊन डॉक्टरांना सांगतो; बाकावर आधीच कोणी बसलेलं असेल तर नव्या पेशंटसाठी तो पुन्हा आत जात नाही, डॉक्टर एकामागून एक सगळ्यांना बोलावणारच असं धरून चालतो. कर्नलनेही तेच धरलेलं असतं. दुसरा नियम : सूचना एकदाच. ती गेली की नोंदणी संपली, पुन्हा हवी असेल तर पुन्हा एमक्यू_नोटिफाय बोलवा.

तुर्भ्याचा नोंदक काय करत होता? सिग्नल आला की उठायचा, एकच मेसेज काढायचा, लिहायचा, छापायचा, सर्व्हरला पाठवायचा आणि मग पुन्हा नोंदणी करायचा. दुपारी एखादी गाडी येते, तिचं सगळं आटोपतं, नोंदणी होते, मग पुढची गाडी. पहाटे लासलगावचा कांदा आणि पुण्याकडचा भाजीपाला एकदम येतो. एका प्लॅटफॉर्मवर भरलेला ट्रक, दुसऱ्यावर रिकामा टेम्पो, दोघांची बटणं काही सेकंदांच्या अंतराने. पहिली पावती छापली जात असताना दुसरा मेसेज क्यूत येऊन बसतो. नोंदक काम संपवून नोंदणी करतो, पण क्यू आता रिकामा नाही. रिकामा करणारा नोंदक स्वतःच, आणि तो सिग्नलची वाट बघतोय. क्यू रिकामा झाल्याशिवाय सिग्नल येणार नाही. पुढे येणारा प्रत्येक मेसेज रिकामा नसलेल्या क्यूतच पडतो, म्हणून तोही हाक मारत नाही. नेटवर्क संथ असेल त्या पहाटे सर्व्हरला पाठवायला जास्त वेळ लागायचा आणि अडकण्याची शक्यता वाढायची. काका म्हणायचे की पावसात जास्त होतं. त्यांचं निरीक्षण खरं होतं, फक्त कारण छपराच्या गळतीत नव्हतं.

प्रोग्राम नव्याने सुरू करून उपयोग का होत नव्हता तेही यात आलं. नवा नोंदक सुरू होताच नोंदणी करून झोपायचा, आधीचे मेसेज काढायचाच नाही. शिवाय काका कधी कधी जुना बंद न करता डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर डबलक्लिक करायचे. एका क्यूवर एका वेळी एकाच प्रोसेसला नोंदणी करता येते. दुसऱ्याला ईबिझी हा एरर मिळतो. कोडमध्ये एमक्यू_नोटिफायचं उत्तर कुठेच तपासलेलं नव्हतं, त्यामुळे दुसरी प्रत गपचूप सुरू व्हायची आणि गपचूप झोपायची. सिस्टिम कॉलचं उत्तर न तपासणं हा आळस इतका सर्रास दिसतो की त्यावर आता रागही येत नाही.

रबाळेचं कोडं

रबाळेच्या मशीनवर कोडची पुढची आवृत्ती होती. मूळ लेखकाने किंवा त्याच्यानंतरच्या कोणीतरी वरची चूक ओळखली होती. तिथे क्यू ओ_नॉनब्लॉक (अडून न राहण्याची खूण) लावून उघडलेला, आणि सिग्नल आल्यावर ईअगेन ('आत्ता जमत नाही') हा एरर मिळेपर्यंत, म्हणजे क्यू खरोखर रिकामा होईपर्यंत, लूपमध्ये मेसेज काढलेले. त्यानंतर साठलेल्या सगळ्या नोंदी एकत्र सर्व्हरला पाठवायच्या. आणि शेवटी नोंदणी.

वाचताना हे अगदी बरोबर वाटतं. आमच्या टीममध्येही यावर मतं वेगळी होती. एकाचं म्हणणं होतं की रबाळेचा त्रास निराळाच असणार, कदाचित खरंच प्रिंटर. पण त्या मशीनवरूनही एकदा ओळ हाती लागली, आणि तीत पुन्हा तेच : मेसेज पडलेले, नोंदणी जिवंत.

फट आहे ती क्यू रिकामा झाल्याचं कळणं आणि नोंदणी होणं यांच्यामध्ये. त्या फटीत मेसेज आला तर क्यू रिकामा राहत नाही, पण त्या क्षणी कोणाचीच नोंदणी नसते, त्यामुळे कळवायचं कोणाला? काही क्षणांनी नोंदक नोंदणी करतो ती रिकामा नसलेल्या क्यूवर. पुढचं तुर्भ्यासारखंच. एरवी ही फट मायक्रोसेकंदांची असती आणि रबाळेच्या तुरळक रहदारीत ती वर्षानुवर्षं कोणाला सापडली नसती. पण सर्व्हरला पाठवण्याचं काम नेमकं त्या फटीत बसवलेलं होतं. नेटवर्क चांगलं असेल तर एक-दोन सेकंद, नसेल तर टाइमआउट होईपर्यंत.

पटवून देण्यासाठी ऑफिसमध्ये एक सोपी युक्ती केली. ईअगेन आणि एमक्यू_नोटिफाय यांच्या मध्ये मुद्दाम पाच सेकंदांचा स्लीप टाकला आणि त्या पाच सेकंदांत हाताने एक मेसेज सोडला. नोंदक प्रत्येक वेळी अडकला. अशा शर्यतीच्या (कोण आधी पोचतो यावर अवलंबून असलेल्या) चुका नशिबाने दिसण्याची वाट बघत बसू नये. संशयाची जागा कळली की तिथे वेळ ताणून टाकावा, मग ती लपत नाही.

या खटाटोपात एक गंमत झाली. क्यूत काय येतंय हे बघायला आमच्यातल्या एकाने छोटं टूल लिहिलं होतं. ते त्याच क्यूवर एमक्यू_रिसीव्ह (मेसेज काढणारा कॉल) करून अडून बसायचं, मेसेज छापायचं आणि पुन्हा क्यूत टाकायचं. ते चालू असलं की सगळा हिशेबच बदलायचा. कारण तिसरा नियम : कोणी एमक्यू_रिसीव्हवर आधीच थांबलेला असेल तर येणारा मेसेज थेट त्याला मिळतो, नोंदणी केलेल्याला सूचना जातच नाही, आणि त्याची नोंदणी तशीच शाबूत राहते. म्हणजे बघणाराच मेसेज पळवत होता. मेसेज क्यूमध्ये नुसतं डोकावून बघायची सोय नाही, काढला की गेला. बघायचंच असेल तर ती वर दिलेली ओळ वाचावी.

कोड वाचताना तिसरीही फट दिसली, जी प्रत्यक्षात कधी अडवल्याचा पुरावा मिळाला नाही. सिग्नल हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) एक झेंडा वर करायचा आणि मुख्य लूप 'झेंडा खाली असेल तर पॉज', म्हणजे सिग्नल येईपर्यंत झोप, असं करायचा. झेंडा बघून झाला आणि पॉजमध्ये शिरण्याआधीच सिग्नल आला, तर तो हँडलरमध्ये वाया जातो आणि नंतर पॉज अनंतकाळ झोपवतं, कारण सूचना एकदाच मिळणार होती ती मिळून गेली. या प्रकारात ती ओळ वेगळी दिसली असती : क्यूत मेसेज, पण नोटिफाय_पीआयडी शून्य. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. मेसेज पडून आहेत आणि पीआयडी भरलेला आहे, ही स्थिती टिकून राहिली तर नोंदणी उशिरा झाली. मेसेज पडून आहेत आणि पीआयडी शून्यावर टिकलाय, तर सूचना गेली होती पण घेणाऱ्याने ती गमावली, किंवा तो दुसरीकडेच कुठे अडकलाय. एकदा वाचून निष्कर्ष काढू नये. काम चालू असतानाही क्षणभर असं दिसतं, म्हणून थोड्या अंतराने दोनदा वाचावं.

दुरुस्ती

तुर्भ्यात ताबडतोब जे करायचं होतं ते कोडच्या दृष्टीने लहानसं होतं. क्रम उलटा केला : सिग्नल आला की सगळ्यात आधी पुन्हा नोंदणी, मग ईअगेन येईपर्यंत क्यू उपसायचा, आणि त्यानंतरच छपाई आणि सर्व्हर.

हा क्रम का टिकतो ते एकदा बारकाईने बघू. नोंदणी झाल्यावर उपसा चालू असताना मेसेज आला, आणि क्यूत अजून काही होतं, तर सूचना जाणार नाही, पण उपसा त्या मेसेजपर्यंत पोचणारच आहे. क्यू त्या क्षणी रिकामा होता तर सूचना जाईल, आणि कदाचित तोच मेसेज चालू उपशातच सापडेल. मग पुढच्या वेळी नोंदक उठेल, नोंदणी करेल, क्यू रिकामा आढळेल, ईअगेन घेऊन पुन्हा झोपेल. एक फुकटचा हेलपाटा, बाकी नुकसान शून्य. फुकट उठणं परवडतं, न उठणं परवडत नाही.

त्यासोबत सिग्नल सुरुवातीलाच ब्लॉक करून ठेवला आणि हँडलर काढून सिग्नलची वाट बघणारं सिगवेटइन्फो वापरलं. ब्लॉक केलेला सिग्नल वाया जात नाही, प्रलंबित राहतो, आणि सिगवेटइन्फोला पोचताच मिळतो. झेंडा आणि पॉजची फट त्यामुळे बंद. सिगवेटइन्फोमधून पाठवणाऱ्या प्रोसेसचा आयडी आणि एसआय_मेसजीक्यू हा कोडही कळतो, त्यावरून सूचना खरोखर क्यूकडून आली की कोणी हाताने किल कमांड दिली ते लॉगमध्ये लिहिता येतं. इथे एक बारकावा : जुनी नोंदणी जिवंत असताना त्याच प्रोसेसने पुन्हा नोंदणी केली तरी ईबिझीच मिळतो. हाताने पाठवलेल्या सिग्नलमुळे असं झालं तर घाबरायचं कारण नाही. पण प्रोग्राम सुरू होताना ईबिझी मिळाला तर तो दुसरी प्रत चालू असल्याचा पुरावा समजून स्पष्ट संदेश देऊन बाहेर पडायचं. आणि सुरू होतानाही क्रम तोच : नोंदणी, मग उपसा.

नवा थ्रेड सुरू करण्याच्या पर्यायावर चर्चा झाली. दिसायला तो सगळ्यात सुटसुटीत आहे, सिग्नलची कटकटच नाही. पण प्रिंटर एकच, आणि पहिली पावती अर्धी छापलेली असताना दुसऱ्या थ्रेडने छापायला घेतलं तर कांद्याच्या ट्रकचं वजन टेम्पोच्या पावतीवर. कुलूप लावून ते टाळता येतं, पण मग थ्रेड घेतले कशाला? शिवाय या सोयीसाठी जीलिबसी (लिनक्सवरची सी भाषेची मूळ लायब्ररी) पडद्याआड बरंच काही करते : एक मदतनीस थ्रेड, कर्नलशी बोलायचं एक नेटलिंक सॉकेट, कर्नलकडून येणारी ३२ बाइटची खूणचिठ्ठी. २०२१ साली याच भागात सुरक्षेची चूक सापडली, अशा चुकांच्या जाहीर यादीत तिचा क्रमांक सीव्हीई-२०२१-३३५७४. बोलावणाऱ्याने मोकळी केलेली थ्रेडची माहिती मदतनीस नंतर वापरत होता. तिच्या दुरुस्तीतून आणखी एक चूक निघाली, तिलाही वेगळा नंबर मिळाला. कर्नलच्या बाजूनेही २०१७ साली एमक्यू_नोटिफायमध्येच मोकळ्या केलेल्या मेमरीची चूक निघाली होती, सीव्हीई-२०१७-१११७६. फार कमी लोक वापरतात तो रस्ता नीट झाडला जात नाही.

वाचकाकडे क्यू वेगळा उघडलेला असल्याने ओ_नॉनब्लॉक त्यालाही स्वतंत्रपणे लावता आलं. आता क्यू भरला तर त्याला ईअगेन मिळतो, तो स्क्रीनवर लाल पट्टी दाखवतो आणि वजन दाखवत राहतो. मर्यादा १०वरून १०० करा, अशी सूचना शेठच्या ओळखीच्या कोणीतरी केली होती. ती मानली नाही. त्याने चूक गेली नसती, काकांना ती उशिरा कळली असती इतकंच.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच गर्दीत एक नवीच गोष्ट वर आली. बटण चुकून दाबलं तर 'रद्द' असा मेसेज जातो, आणि त्याला प्राधान्य ५ दिलेलं होतं, बाकीच्यांना ०. पोसिक्स क्यूत मोठ्या आकड्याचा मेसेज आधी बाहेर पडतो, समान आकड्यांत जुना आधी. दुपारी क्यूत एका वेळी एकच मेसेज असायचा, तेव्हा प्राधान्याला काही अर्थच नव्हता. पहाटे तीन-चार साठले की रद्द करायचा मेसेज ज्याला रद्द करायचं त्याच्या आधी पोचायचा, आणि नोंदक म्हणायचा की अशी नोंदच नाही. प्राधान्य सगळ्यांना सारखं केलं. घाईच्या मेसेजला घाई होती हे खरं, पण त्याचं काम दुसऱ्याच्या मागून जाण्याचंच होतं.

पुढचा टप्पा

हे सगळं नीट चालत असलं तरी माझ्या मते इथे एमक्यू_नोटिफाय लागतच नव्हतं. लिनक्सवर मेसेज क्यूचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या क्यूची ओळख देणारा आकडा) हा साधा फाइल डिस्क्रिप्टर असतो, त्यामुळे तो पोल किंवा ईपोल या अनेक डिस्क्रिप्टरांवर एकदम नजर ठेवणाऱ्या कॉलमध्ये टाकता येतो. पोसिक्स याची हमी देत नाही. कोड दुसऱ्या युनिक्सवर न्यायचा असेल तर एमक्यू_नोटिफायशी नीट मैत्री करावीच लागेल. हे मशीन लिनक्स सोडून कुठे जाणार नाही. ईपोल नेहमीच्या पद्धतीत 'क्यूत काही आहे का' हे विचारतो, 'नुकतंच काही आलं का' हे नाही. मेसेज पडून असेल तोवर तो दर वेळी हो म्हणतो. म्हणजे वर सांगितलेल्या फटींपैकी एकही उरत नाही, नोंदणीच नाही तर उशिरा होणार कशी. प्रिंटरचा डिस्क्रिप्टर, सर्व्हरला पुन्हा पाठवायचा टाइमर, सगळं एकाच लूपमध्ये येतं. रबाळेला ही आवृत्ती बसवली आहे.

त्याहून मोठा बदल क्यूच्या भूमिकेचा आहे. वजनाची एकमेव प्रत रीबूटला पुसल्या जाणाऱ्या जागेत ठेवणं हे पहिल्यापासूनच गैर होतं. नव्या आराखड्यात वाचक आधी डेटाबेसमध्ये वजन लिहितो आणि क्यूत फक्त नोंदीचा क्रमांक टाकतो. नोंदक सुरू होताना न छापलेल्या नोंदी डेटाबेसमधूनच शोधतो. वीज गेली, कोणी प्लग ओढला, तरी उशिरा का होईना पावती निघेल.

हे शेवटचं काम तुर्भ्यात अजून व्हायचं आहे. हापूसच्या पेट्या यायला लागल्या आहेत, आणि हंगाम संपेपर्यंत काट्यावरच्या मशीनमध्ये मोठा बदल करू द्यायला शेठ तयार नाहीत. त्यांचं बरोबरच आहे. तोवर तिथे क्रम उलटा केलेला नोंदक चालतोय. डेस्कटॉपवरचा आयकॉन काकांच्या आग्रहाखातर ठेवला आहे, पण आता तो दुसरी प्रत सुरू करत नाही. क्यूची ती ओळ थोड्या अंतराने दोनदा वाचतो, दोन्ही वेळा मेसेज पडून दिसले तर ती ओळ आमच्या फोनवर पाठवतो, आणि मशीन बंद करू नका असं मराठीत मोठ्या अक्षरांत दाखवतो.